गृहखरेदी
गृहखरेदी : निवासासाठी घर, सदनिका किंवा बांधकामयोग्य भूखंड मोबदला देऊन मालकी हक्काने अथवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने संपादन करण्याची प्रक्रिया. व्यवहारात ती घर पसंत करणे व पैसे देणे एवढीच समजली जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र हक्काची तपासणी, करार, मुद्रांकन, नोंदणी, ताबा व अधिकार अभिलेखातील नोंद असे तिचे क्रमबद्ध टप्पे असून त्यांपैकी एखादा वगळल्यास पूर्ण किंमत देऊनही खरेदीदाराचा हक्क अपुरा किंवा वादग्रस्त राहू शकतो. जमिनीच्या हक्कांचा इतिहास गुंतागुंतीचा असलेल्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरात हे प्रकर्षाने जाणवते.

पार्श्वभूमी : मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील जुने जमीन-अभिलेख बव्हंशी उर्दूत असून त्यांतील वर्षे फसली सनात दिलेली असतात. फसली सनात ५९० मिळविले असता स्थूलमानाने इसवी सन मिळतो. संस्थानी काळातील मदतमाश, खिदमतमाश इ. इनामांच्या जमिनी शहरात व लगतच्या गावांत आढळतात. स्वातंत्र्योत्तर काळात चिकलठाणा व वाळूज येथील औद्योगिक वसाहतींमुळे लोकसंख्या वाढली. १९७०च्या दशकात शहर व औद्योगिक विकास महामंडळाने (सिडको) नवे औरंगाबाद वसविण्यास प्रारंभ केला. ‘एन’ या अक्षराने ओळखले जाणारे विभाग हे त्याचेच फलित होय. महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. परिणामतः जुन्या शहरातील वडिलोपार्जित घरे, सिडकोची भाडेपट्ट्याची घरे, गुंठेवारी वसाहती व खाजगी विकासकांच्या सदनिका असे भिन्न हक्कांचे प्रकार येथे एकत्र नांदतात.

हक्कतपासणी : विक्रेत्यास विकण्याचा अधिकार आहे किंवा नाही, हा पहिला प्रश्न असतो. त्यासाठी सातबारा उतारा किंवा नगर भूमापन हद्दीतील मिळकत पत्रिका, फेरफार नोंदी आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्र. २ यांची साधारणतः मागील ३० वर्षांची पाहणी वकिलाकडून करवून घेतात. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक हा जमिनीचा मूळ धारक ठरविण्यासाठी महत्त्वाचा आधार मानला जातो. सातबाऱ्यातील नोंद महसुली स्वरूपाची असते. तिच्यामुळे मालकीविषयी अनुमान करता येते, मात्र मालकी निर्माण होत नाही. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असल्यास हस्तांतरणास सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. वक्फ मिळकतीची विक्री २०१३ च्या कायदेदुरुस्तीनंतर निरर्थ ठरते; राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालय याच शहरात पाणचक्की येथे आहे. वडिलोपार्जित घराच्या बाबतीत सर्व सहहिस्सेदारांची संमती आवश्यक असते. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २००५ मधील दुरुस्तीने मुलीही जन्मतः सहदायाद ठरल्या असल्याने त्यांच्या सह्या वगळून केलेली खरेदी पुढे वादग्रस्त होऊ शकते. सिडकोचे भाडेपट्ट्यावरील घर घेताना हस्तांतरणासाठी महामंडळाची संमती व पट्ट्याची उर्वरित मुदत पाहणे इष्ट असते.

गुंठेवारी : शेतजमिनीचे अकृषिक परवानगी व मंजूर रेखांकन यांवाचून लहान भूखंड पाडून विकण्याच्या पद्धतीस ‘गुंठेवारी’ म्हणतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौ. फुट (सु. १०१ चौ. मी.) होय. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मंजूर रेखांकनातील भूखंड परवडत नसल्याने त्यांनी मुद्रांक कागदावरील, नोंदणी न झालेल्या लेखांच्या आधारे असे भूखंड घेतले. बोलीभाषेत अशा लेखास ‘बाँड’ म्हणतात. आयुष्यभराची बचत गुंतवूनही या कुटुंबांच्या हाती विक्रीयोग्य हक्क येत नाही व बँकेचे कर्ज मिळणेही कठीण होते. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने १ जानेवारी २००१ पूर्वीच्या अशा भूखंडांच्या नियमितीकरणाची तरतूद केली. २०२१ मधील दुरुस्तीने ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. तथापि नियमितीकरणाने रेखांकनातील अनियमितता दूर होते, विक्रेत्याच्या मालकीतील दोष नव्हे.

करार व खरेदीखत : व्यवहार ठरल्यावर इसार देऊन पावती करतात व त्यानंतर साठेखत होते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार साठेखताने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. ठरलेल्या अटींवर खरेदीखत करून मागण्याचा अधिकार तेवढा मिळतो. १०० रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच पूर्ण होते. केवळ कुलमुखत्यारपत्र, साठेखत व मृत्युपत्र यांच्या आधारे मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले.

मुद्रांक व नोंदणी : प्रत्यक्ष मोबदला व शासनाच्या वार्षिक दरपत्रकानुसार येणारे बाजारमूल्य यांपैकी जी रक्कम अधिक, तिच्यावर मुद्रांक शुल्क आकारतात. मूळ दर शेकडा ५ असून महानगरपालिका हद्दीत शेकडा १ अधिभार पडतो. केवळ महिलेच्या नावे घेतलेल्या निवासी मिळकतीस २०२१ पासून शेकडा १ सवलत आहे. नोंदणी फी शेकडा १ व कमाल ३०,००० रुपये असते. लेख निष्पादनापासून चार महिन्यांत नोंदणीस सादर करावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या शेकडा ९० पर्यंत देता येते. घर १० लाखांहून अधिक किमतीचे असल्यास कर्जाची मर्यादा ठरविताना मुद्रांक व नोंदणीचा खर्च किमतीत धरत नाहीत. तो खरेदीदाराने स्वतंत्रपणे उभारावयाचा असतो.

बांधकामाधीन सदनिका : स्थावर संपदा अधिनियम, २०१६ अन्वये महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून नियामक प्राधिकरण (महारेरा) कार्य करीत आहे. ५०० चौ. मी. हून अधिक क्षेत्राच्या व आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीकृत करारापूर्वी विकासकास किमतीच्या शेकडा १० हून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी शेकडा ७० रक्कम जमीन व बांधकाम यांच्या खर्चासाठी स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते. सदनिकेचे मोजमाप चटई क्षेत्रावर करावे लागते. त्यात बाहेरच्या भिंती, सज्जे व गच्ची यांचा समावेश होत नाही. ताब्यास विलंब झाल्यास व्याज अथवा व्याजासह परतावा मागता येतो आणि संरचनात्मक दोष ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणल्यास विकासकाने ते विनामूल्य दुरुस्त करून द्यावे लागतात.

ताबा व तदनंतर : भोगवटा प्रमाणपत्र पाहून ताबा घेणे श्रेयस्कर असते, त्यावरून बांधकाम मंजूर नकाशानुसार झाल्याचे कळते. यानंतर मिळकत पत्रिका किंवा सातबारा यांवर फेरफार, मालमत्ता कराच्या नोंदवहीत नावाची नोंद आणि सदनिकांच्या बाबतीत सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सदस्यत्व ही कामे उरतात. संस्थेच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले नाही, तर सदनिकाधारक राहत असलेल्या इमारतीखालील भूमी मूळ मालकाच्याच नावे राहते व पुनर्बांधणीच्या वेळी अडचण उद्भवते. बहुसंख्य कुटुंबे आयुष्यात एकदाच घर घेतात. त्यामुळे एका व्यवहारातील चुकीचा अनुभव दुसऱ्या व्यवहारात उपयोगी पडण्याची संधी त्यांना क्वचितच मिळते. म्हणून इसार देण्यापूर्वी केलेली हक्कतपासणी हाच या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा मानला जातो.