गोळा, कवच आणि मधला माणूस

खानदेशातल्या अपघातांचा आढावा घ्यायचा तर शिरपूरजवळ वाघाडीच्या रासायनिक कारखान्यात ३१ ऑगस्ट २०१९ ला झालेला स्फोट आणि ४ जुलै २०२३ ला पळासनेरच्या हॉटेलात घुसलेला कंटेनर, हे दोन्ही यायलाच हवेत. त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझा जीव रेल्वेत अडकलेला, तेव्हा मी रुळांवरूनच जाणार.

माणसाच्या चुकीमागे बहुधा यंत्राची मांडणी असते, याचा जगातला इतिहास थोडक्यात उरकतो. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमान उतरल्यावर वैमानिक फ्लॅपऐवजी चाकंच वर घेत. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चॅपनिस यांनी शेजारीशेजारी बसवलेल्या एकसारख्या खटक्यांकडे बोट दाखवलं. १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडच्या अणुकेंद्रात दिवा विझला म्हणून व्हॉल्व्ह बंद झाला असं सगळ्यांनी धरलं. दिवा मात्र फक्त हुकूम सुटल्याचं सांगत होता, व्हॉल्व्ह उघडाच होता.

आमच्या जुन्या सिग्नलवाल्यांना हे शहाणपण पुस्तकांशिवाय आलं होतं. नीलचं बॉल टोकन यंत्र ज्यांनी हाताळलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. एकेरी लाइनवर दोन स्टेशनांत दोन यंत्रं, तारेनं जोडलेली; त्यातला गोळा हातात आला तरच ड्रायव्हरनं पुढे जायचं. इकडच्या मास्तरनं घंटी द्यायची, तिकडच्यानं आपलं हँडल फिरवून घंटीचा दट्ट्या दाबून धरायचा. इकडची सुई हलली की मगच हँडल वळतं आणि गोळा खडकन खाली येतो. एकदा तो बाहेर पडला की यंत्रात परत जाईपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघत नाही. मग मास्तर पेंगत असो, तापानं फणफणलेला असो की साहेबाच्या फोननं बावरलेला. शेजारच्या सेक्शनचा गोळा तर यंत्र घेतच नाही. माणूस चुकणार, हे मान्य करूनच ज्यानं हे घडवलं, त्याला माझा नमस्कार.

भुसावळच्या गप्पांत हे सांगितलं की एक पक्ष म्हणतो, ‘दोघांना सस्पेंड करा, बाकीचे सरळ होतात.’ दुसरा म्हणतो, ‘माणूसच काढून टाका.’ पहिल्यांशी बोलून मी थकलो. दुसऱ्यांनी लिझेन बेनब्रिज यांचा १९८३ चा निबंध वाचावा: सोपं काम यंत्राकडे गेलं की उरलेलं अवघड काम सराव मोडलेल्या माणसाच्या गळ्यात पडतं, तेही ऐन आणीबाणीत.

आता परधाडे. २२ जानेवारी २०२५ ला माहेजी आणि परधाडे स्टेशनांच्या मध्ये पुष्पक एक्सप्रेसमध्ये आगीची अफवा उठली. साखळी ओढली गेली, माणसं शेजारच्या रुळावर उतरली आणि कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान १२ जण गेले. पुष्पकचा फ्लॅशर लागलेला होता, समोरच्या ड्रायव्हरनं ब्रेकही लावले, पण वळणामुळे दिसायला आणि थांबायला अंतर पुरलं नाही, असं रेल्वेनं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून चावडीवर निकाल तयार: लोक अडाणी, उड्या मारतात.

जनरलच्या डब्यात एकदा उभं राहून बघा. दोन्हीकडचे दरवाजे सारखे. कोणत्या बाजूला दुसरी लाइन आहे हे सांगणारी पाटी नाही, आणि ‘आग नाही, बसून राहा’ हे ज्यातून ऐकू यावं असा भोंगा बहुतेक डब्यांत नाही. चॅपनिसच्या खटक्यांचीच ही गत. गाडीला गाडीपासून वाचवायला आम्ही शंभर वर्षं डोकं चालवलं. डब्यातला माणूस मात्र आमच्या नकाशात माल म्हणूनच राहिला.

आता कवच, म्हणजे गाड्यांची टक्कर टाळणारी यंत्रणा, येतंय, आणि त्याचं मला कौतुकच आहे. त्यातल्या आणीबाणीच्या बटणानं आसपासच्या, कवच बसवलेल्या गाड्या थांबतात; वळणापलीकडचा फ्लॅशर कुणाला दिसायची वाट पाहावी लागत नाही. पण ते बटण दाबायचं तर मागच्या डब्यांतून माणसं रुळावर उतरताहेत हे इंजिनात कळायला हवं. ती बातमी पुढे नेणारी तार अजून कुणी ओढलेली नाही. चौकशी समित्यांनी ‘कोण चुकलं’ विचारण्याआधी, त्या क्षणी कुणाला काय दिसत होतं आणि काय ऐकू येत होतं, हे लिहून काढावं. अर्धे अहवाल तिथेच बदलतील, आणि सस्पेन्शनच्या ऑर्डरींचा कागदही वाचेल.