किरकोळ मोटार-अपघात आणि आपलें कर्तव्य

रस्त्यावर वाहनांची दाटी वाढल्यापासून लहानसहान अपघात हें नित्याचें दृश्य होऊन बसलें आहे. शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकापाशीं मागें घेतलेली मोटार एखाद्या सायकलीस घासते. चौकांत दोन गाड्या एकमेकींस धडकून दिवा फुटतो. पावसाळ्यांत फटफटी घसरून मागें बसलेला मुलगा खालीं पडतो. अशा वेळीं जमलेल्या लोकांत लागलीच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, “पोलिसांना बोलवा.” दुसरा म्हणतो, “कांहीं झालें नाहीं, मिटवून टाका.” यांपैकीं कोणाचें ऐकावें, हा प्रश्न आम्ही आज आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें विचारार्थ मांडीत आहों.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. अपघात किरकोळ कीं मोठा, हें गाडीच्या नुकसानीवरून ठरत नसतें. तें माणसाच्या देहावरून ठरतें. पत्रा पार चेपला तरी आंतील माणसें सुखरूप असूं शकतात. उलट, गाडीस ओरखडाहि न पडतां सायकलस्वाराचें डोकें रस्त्यावर आपटलेलें असूं शकतें. तेव्हां पहिला प्रश्न “गाडीचें काय झालें?” हा नसून “कोणास लागलें?” हा होय.

या प्रश्नास पुष्कळदां “मला कांहीं झालें नाहीं” असें उत्तर मिळतें. मुलें तर घरच्यांच्या रागाच्या भीतीनें असें उत्तर हटकून देतात. परंतु धक्क्याच्या भरांत वेदना दबून राहतात, आणि कांहीं दुखापती आरंभीं लपूनच असतात. कवटीच्या आंत रक्तवाहिनी फाटली असतां माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येऊन बोलूं-चालूं लागतो. आणि आंत रक्त सांचून मेंदूवर दाब आला म्हणजे कांहीं वेळानें, कधीं कांहीं तासांनीं, पुन्हां कोसळतो. मधल्या काळांत त्यास पाहणाऱ्यास तो अगदीं बरा वाटतो. तसेंच सायकलीची मूठ पोटांत बसली तर वरून कातडें धड दिसूनहि आंत प्लीहा फाटलेली असूं शकते. म्हणून जखमी माणसाचा शब्द प्रमाण न मानतां त्याचीं लक्षणें पाहावीं.

पुढीलपैकीं एक जरी लक्षण दिसलें तरी क्षणाचाहि विलंब न लावतां मदत मागवावी: क्षणभर कां होईना, शुद्ध हरपणें, वारंवार ओकारी, वाढत जाणारी डोकेदुखी, ग्लानि किंवा असंबद्ध बोलणें, कानांतून अथवा नाकांतून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, मानेंत वा पाठींत वेदना, हातापायांस मुंग्या किंवा बळ नसणें, छातींत वा पोटांत दुखणें, श्वास लागणें, न थांबणारा रक्तस्राव. वृद्ध माणूस, गर्भवती स्त्री आणि रक्त पातळ करणारें औषध घेणारा रोगी यांच्या बाबतींत लक्षण दिसण्याची वाट पाहूं नये. त्यांस डॉक्टरांकडे न्यावेंच. डोक्यास मार लागलेल्या मुलावर पुढें निदान एक दिवस घरच्यांनीं नजर ठेवावी.

माणूस जखमी नसला तरी कांहीं प्रसंगीं फोन करणें अवश्य असतें. गाडीनें रस्ता अडविला असून ती हलवितां येत नसेल, पेट्रोलचा वास किंवा धूर येत असेल, दुसरा चालक मद्य प्यालेला असेल, तो पळून गेला असेल, अथवा जमाव हातघाईवर येत असेल, तर पोलिसांची गरज आहे. आपल्या देशांत याकरितां ११२ हा एकच क्रमांक लक्षांत ठेवला तरी पुरे. पोलिस, आगीचा बंब व रुग्णवाहिका हीं तिन्ही त्यावरून मागवितां येतात. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ही सोय २०१४ सालापासून चालू आहे. फोनवर आधीं ठिकाण सांगावें: रस्त्याचें नांव, जवळची खूण, महामार्ग असेल तर किलोमीटरचा दगड आणि कोणत्या दिशेची बाजू. मग जखमींची संख्या व स्थिति सांगावी, आणि पलीकडील माणसानें सांगितल्याशिवाय फोन ठेवूं नये.

मदत येईपर्यंत इंजिन बंद करावें, इशाऱ्याचे दिवे लावावे व रहदारीपासून दूर उभें राहावें. आग किंवा धांवत्या वाहनांचें भय नसेल तर जखमीस ओढूं वा उठवून बसवूं नये. मानेचें हाड दुखावलें असल्यास अशा ओढाताणीनें जन्माचें पंगुत्व येऊं शकतें. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावें. पाणी पाजण्याची आपली रीत प्रेमाची खरी, पण शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या श्वासनलिकेंत तें जाऊं शकतें. म्हणून तोंडांत कांहींहि घालूं नये.

मग फोन केव्हां करूं नये? सर्व माणसें धडधाकट आहेत, गाड्या चालूं शकतात आणि उभय पक्ष शांत आहेत, अशा वेळीं रुग्णवाहिका मागविणें म्हणजे दुसऱ्या कोणा रोग्याची वाट अडविणें होय. १९३५ सालीं लंडनमधील विम्पोल स्ट्रीट येथें एका घरास आग लागून पांच स्त्रिया मरण पावल्या. आग पाहून शेजाऱ्यानें टेलिफोन केला होता, पण त्याचा फोन एक्स्चेंजमध्यें इतर फोनांच्या रांगेंत अडकून पडला. त्या प्रकरणांतून १९३७ सालीं तेथें संकटकाळासाठीं ९९९ हा निराळा क्रमांक सुरू झाला. ही मोकळी ठेवलेली वाट क्षुल्लक कारणानें किंवा थट्टेनें अडविणें हा केवळ खोडकरपणा नव्हे.

परंतु तातडीचा फोन न करणें आणि गुपचूप निघून जाणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम १३४ येथें पाहण्यासारखें आहे. अपघातांत कोणास इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचें नुकसान झालें, तर तें कलम लागू होतें. जखमीस जवळच्या डॉक्टरांकडे वा रुग्णालयांत पोंचविणें हें चालकाचें कर्तव्य आहे. जमावाच्या क्षोभामुळें तें अशक्य झालें तर गोष्ट वेगळी. तेथें पोलिस हजर नसल्यास शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याहि परिस्थितींत २४ तासांच्या आंत, जवळच्या ठाण्यांत खबर दिली पाहिजे. विमा कंपनीसहि लेखी कळविलें पाहिजे. जखमी अज्ञान असेल तर उपचार नकोत असें म्हणण्याचा अधिकार त्याच्या पालकास आहे, त्यास स्वतःस नाहीं. सबब, मुलाच्या हातीं शंभराची नोट देऊन “जा बाळ” म्हणणाऱ्या चालकाचें कर्तव्य पुरें झालेलें नसतें. एकमेकांचीं नांवें, गाड्यांचे क्रमांक, विम्याचा तपशील व छायाचित्रें घ्यावीं, साक्षीदाराचा पत्ता घ्यावा, आणि मगच गाडी हलवावी.

वाटसरू मात्र भितो: “मदत केली तर पोलिसांच्या फेऱ्यांत सांपडूं.” ही भीति एके काळीं निराधार नव्हती. मोटारीच्या धडकेनें जखमी झालेल्या एका स्कूटरस्वारास एका सज्जनानें जवळच्या रुग्णालयांत नेलें; तेथें, पोलिसी प्रकरणें आम्ही घेत नाहीं असें सांगून त्यास सुमारें २० किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे धाडण्यांत आलें, आणि वाटेंतच त्याचा प्राण गेला. याच हकीकतीवरून परमानंद कटारा यांनीं केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं निकाल दिला कीं, प्राण वांचविणें हें प्रत्येक डॉक्टराचें पहिलें कर्तव्य असून कायद्याचे सोपस्कार त्यानंतरचे. पुढें २०१६ सालीं त्याच न्यायालयानें मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या नियमांस बंधनकारक स्वरूप दिलें, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें कलम १३४-अ कायद्यांत आलें. सद्भावनेनें मदत करणाऱ्यावर आतां खटला भरतां येत नाहीं, व त्यास आपलें नांव सांगण्याची सक्ति नाहीं.

शेवटीं पालकांस एक विनंति. अल्पवयीन मुलाच्या हातीं मोटार किंवा फटफटी दिली आणि त्याच्या हातून गुन्हा घडला, तर २०१९ पासून पालकास अथवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. या भीतीनें एखादा अपघात दडपून टाकण्याचा मोह होणें स्वाभाविक आहे. पण त्या मोहाची किंमत रस्त्यावर पडलेल्या दुसऱ्याच्या मुलास द्यावी लागते. किल्ली वेळेवर लपवून ठेवणें हाच त्यावरचा खरा उपाय होय. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस कधीं धक्का लागला, तर तो घरीं लपवूं नका. नवी सायकल पुन्हां घेतां येते. आईबापांस तुमच्या सायकलीपेक्षां तुमची काळजी अधिक आहे, याविषयीं निःशंक असा.