तिसऱ्या इंजेक्टरची वायर

थंड इंजिनावर गाडी झकास चालायची. इंजिन तापलं आणि चढ लागला की मिस मारायची, ओढ संपायची, डॅशबोर्डवरचा चेक लाइट पेटायचा. मालक गारगोटीकडचे शिक्षक. आधीच्या एका गॅरेजात तिसरा इंजेक्टर नवा टाकून झाला होता, तरी तक्रार तशीच. आता ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, बदला, असा सल्ला मिळाल्यावर ते घाबरून कोल्हापूरच्या उद्यमनगरात, फक्त वायरिंगचं काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे आले. त्या दिवशी मी तिथंच होतो.

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लागला आणि कोड आला पी०२०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा. तिसऱ्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये दोष आहे, एवढंच हा कोड सांगतो. तो इंजेक्टरात आहे, वायरीत आहे की ईसीएममध्ये, ते माणसालाच शोधावं लागतं.

या गाडीत इंजेक्टरला दोन वायरी. चावी फिरवली की एकीवर रिलेतून बारा व्होल्ट येऊन थांबतात. दुसरी ईसीएमकडे जाते, आणि ईसीएम ती क्षणभर अर्थिंगला जोडतो. आयडलला साधारण दोन-तीन मिलिसेकंद. तेवढ्यात आतली कॉइल चुंबक होते, सुई उचलली जाते, पेट्रोलचा फवारा उडतो. मधल्या वेळात कॉइलमधून आलेले बारा व्होल्ट दुसऱ्या वायरीवर दिसतात की नाही, हे ईसीएम पाहत असतो. दिसले नाहीत की हा कोड. म्हणूनच नोझल कचऱ्याने तुंबलं म्हणून पी०२०३ येत नाही.

मिस्त्रींनी गाडी फिरवून, मिस मारायला लावून आणली आणि लगेच तिसरा प्लग काढून नाकाशी धरला. कोरडा, पेट्रोलचा वास नाही. स्पार्क गेला असता तर प्लग ओला निघाला असता; इथं पेट्रोलच येत नव्हतं. इंजेक्टरची कॉइल मोजली, चौदा ओहम, म्हणजे चांगली. कपलरमध्ये टेस्ट लॅम्प खोचेपर्यंत इंजिन निवलं होतं, त्यामुळे तो व्यवस्थित लुकलुकला. मग बॅटरी सोडवून, ईसीएमचा कपलर काढून वायरीची दोन्ही टोकं मीटरला लावली. बीप वाजला. सगळं ठीक! ईसीएमवर बालंट येतं ते नेमकं याच टप्प्यावर.

मिस्त्रींचा मीटरवर एवढा विश्वास नाही. मीटर वायरीतून जेमतेम मिलिअँपिअरभर करंट सोडतो, आणि क्षणभर तुटलेला संपर्क त्याच्या आकड्यात सापडत नाही. त्यांनी इंडिकेटरचा एकवीस वॉटचा बल्ब त्या वायरीतून बॅटरीवर पेटवला. तो पावणेदोन अँपिअर खेचतो, इंजेक्टर एकाच्या आत. जी वायर बल्ब ओढते ती इंजेक्टर ओढणारच. बल्ब लख्ख पेटला. मग एका हातात हीट गन घेऊन दुसऱ्या हाताने ते हार्नेस बोटबोटभर चाचपत निघाले. वायर तापवायची, जराशी वाकवायची, बल्बकडे बघायचं. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखी त्यांची बोटं थांबत थांबत सरकत होती. इनटेक मॅनिफोल्डच्या मागे, ब्रॅकेटपाशी, बल्ब मंद झाला. पुन्हा वाकवल्यावर विझला.

टेप सोडली. वायर वरून धडधाकट, पण चिमटीत लिबलिबीत लागली. भिंग लावल्यावर इन्सुलेशनला सुईएवढं भोक दिसलं. कधीतरी कुणीतरी करंट बघायला वायरीत टोचणी खुपसली होती आणि भोक तसंच सोडलं होतं. त्यातून पाणी शिरलं, तांबं हिरवंकाळं पडलं, तारा ठिसूळ होऊन तुटल्या. टोकं एकमेकांना जेमतेम टेकलेली; तापलं, हादरलं की सुटायची. मिस्त्री स्वतः कधीही वायर टोचत नाहीत, कपलरच्या मागून पिनेला लागून बारीक प्रोब सरकवतात. वायर टोचण्याची ही सवय गॅरेजांतून जायलाच हवी, असं मला कळकळीने वाटतं.

काळी वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापली आणि त्याच जाडीचा तुकडा क्रिंप करून जोडला. डाग दिला नाही. कथील तारांमध्ये चढलं की तेवढा भाग ताठ होतो आणि हादऱ्याने कडेला मोडतो. वर आतून गोंद असलेली स्लीव तापवून बसवली, वायरीला थोडी ढील ठेवली. मग पन्हाळ्याचा चढ, स्कॅनर लावूनच. तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायरचा आकडा शून्यावरून हलला नाही.

बिलात सामान किरकोळ, बाकी सगळी शोधण्याची मजुरी. एरवी पार्टचे पैसे मुकाट्याने देणारी माणसं इथं घासाघीस करतात. शिक्षकांनी केली नाही. निघताना त्यांनी डिकीतून आधीच्या गॅरेजने काढलेला इंजेक्टर आणून दाखवला. मिस्त्रींनी मीटर लावला. तोही चौदा ओहम. "टाकू नका सर," ते म्हणाले, "फवारा तेवढा तपासून घ्या, आणि जपून ठेवा."