प्राचीन इस्रायलींची मूर्तिपूजा आणि दैवी शिक्षेची कल्पना

बायबलमधील जुना करार वाचणाऱ्या जिज्ञासूस एक साखळी पुनःपुन्हा आढळते. इस्रायली लोक यहोवा या आपल्या देवास सोडून अन्य देवतांच्या मूर्तींना भजतात, यहोवा कोपतो, शत्रू, दुष्काळ वा रोगराई यांच्या रूपाने शिक्षा येते, लोक पश्चात्ताप करतात आणि त्यांची सुटका होते. ‘शास्ते’ नावाच्या ग्रंथाची तर सारी रचनाच या साखळीवर उभी आहे. मनुष्यावर आपत्ती का येते, हा प्रश्न सर्वच धर्मांना सोडवावा लागला आहे. प्राचीन इस्रायलींनी तो कसा सोडविला, त्या उत्तराने त्यांना काय दिले आणि ते कोठे अपुरे पडले, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

ग्रंथातील कथा आणि भूमीतील पुरावा

या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध कथा सोन्याच्या वासराची होय. मोशे सिनाय पर्वतावर गेला असता लोकांनी त्याचा भाऊ अहरोन याजकडून सोन्याचे वासरू घडवून घेतले व त्याची पूजा केली. परत आल्यावर मोशेच्या आज्ञेने लेवी वंशाच्या लोकांनी सुमारे ३,००० माणसे मारली, असे ‘निर्गम’ ग्रंथ सांगतो. पुढे मवाबी स्त्रियांच्या संगतीने बआल-पौराची पूजा केल्यामुळे साथ येऊन २४,००० लोक मेले, असे ‘गणना’ या ग्रंथात आहे. या आकड्यांना स्वतंत्र पुरावा नाही. परंतु ग्रंथकारांना हा अपराध किती घोर वाटत होता, हे त्यांवरून कळते.

त्याच ‘गणना’ ग्रंथात एक वेगळी हकीकत आहे. सर्पदंशाने लोक मरू लागले तेव्हा देवाच्याच आज्ञेने मोशेने पितळेचा सर्प करून खांबावर उभारला व त्याकडे पाहणारे वाचले. हा सर्प पुढे कित्येक शतके पूजिला जात होता. इ. स. पू. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात यहूदाचा राजा हिज्कीया याने तो फोडून टाकला. एका काळी जी वस्तू देवाची देणगी होती, ती दुसऱ्या काळी पाप ठरली. यावरून मूर्तिपूजेची व्याख्या हळूहळू घडत गेली, हे ध्यानात येते.

उत्खननांनीही या तर्काला बळ दिले आहे. सिनायच्या ईशान्य भागातील कुंतिलेत अजरूद येथे १९७५-७६ साली झालेल्या उत्खननात मोठ्या रांजणांवर इ. स. पू. ८०० च्या सुमाराचे लेख मिळाले. त्यांत यहोवा व ‘त्याची अशेरा’ यांच्या नावे आशीर्वाद दिलेले आहेत. अशेरा म्हणजे प्रत्यक्ष देवी की तिचे प्रतीक असलेला पवित्र खांब, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. यहूदाच्या प्रदेशात घरोघरच्या अवशेषांत मातीच्या लहान स्त्रीमूर्तीही शेकड्यांनी सापडल्या आहेत. तात्पर्य, अनेक देवतांची पूजा हा बाहेरून आलेला विकार नसून तो बहुजनांचा नित्याचा धर्म होता. ‘यहोवाशिवाय दुसरा कोणी नाही’ हा आग्रह प्रारंभी काही संदेष्टे व पुरोहित यांचा होता आणि तो दीर्घ संघर्षानंतर विजयी झाला. जुन्या करारातील इतिहासाला आजचे रूप त्याच विजयी पक्षाने दिले आहे.

मूर्तिपूजा हा राजद्रोह कसा ठरला?

परदेवतेच्या पूजेसाठी संपूर्ण राष्ट्राला शिक्षा व्हावी, ही कल्पना आजच्या वाचकास विचित्र वाटेल. तिची गुरुकिल्ली त्या काळच्या राजकारणात आहे. अश्शूरचा सम्राट एसरहद्दोन याने इ. स. पू. ६७२ मध्ये आपल्या मांडलिकांकडून युवराजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. त्या शपथपत्राच्या मातीच्या विटा १९५५ साली निमरूद येथे सापडल्या. दुसऱ्या स्वामीशी संधान बांधणाऱ्यावर रोगराई, उपासमार, पराभव व निर्वंश यांचे शाप त्यांत ओळीने दिले आहेत. ‘अनुवाद’ ग्रंथाच्या २८व्या अध्यायातील शापांशी त्यांचे साम्य इतके आहे की, अनेक अभ्यासक त्यांच्यात थेट संबंध मानतात. यहूदा त्या वेळी अश्शूरचे मांडलिक राज्य होते. सम्राट आणि मांडलिक यांच्यातील नाते यहोवा आणि त्याचे लोक यांच्या नात्याला लावले गेले. त्यालाच ‘करार’ म्हटले गेले. एकदा देव सम्राटाच्या जागी बसला की परदेवतेची पूजा हा राजद्रोह होतो आणि राजद्रोहाची शिक्षा साऱ्या प्रजेला भोगावी लागते.

देवाच्या कोपाने राष्ट्र हरते, ही समजूत मात्र एकट्या इस्रायलींची नव्हती. १८६८ साली उजेडात आलेल्या मेशाच्या शिलालेखात मवाबचा राजा असेच सांगतो. कमोश हा मवाबचा देव आपल्या भूमीवर रागावला होता, म्हणून इस्रायलचा राजा अम्री याने मवाबला दीर्घकाळ छळले, असे त्याचे म्हणणे आहे. हा लेख इ. स. पू. नवव्या शतकातील आहे.

दोन महासंकटे

इस्रायलींनी या सर्वसाधारण समजुतीचा उपयोग मात्र असाधारण प्रसंगी केला. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास उत्तरेकडील इस्रायल राज्याची राजधानी शोमरोन अश्शूरच्या हाती पडली. सम्राट सार्गोन दुसरा याने तेथून २७ हजारांहून अधिक लोक नेल्याचे नोंदविले असून, एका लेखात त्यांचे देवही लूट म्हणून मोजले आहेत. पुढे इ. स. पू. ५८६ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम व तेथील मंदिर जाळले. त्या काळच्या रीतीने याचा अर्थ सरळ होता : जेत्यांचे देव बलिष्ठ, यहोवा दुर्बल. इस्रायली विचारवंतांनी तो अर्थ उलटा केला. यहोवा हरलेला नाही. आपल्या लोकांच्या मूर्तिपूजेबद्दल त्यानेच शत्रूला हत्यार म्हणून वापरले, असे ते म्हणाले. या अर्थामुळे मंदिर, राजा व भूमी गमावूनही त्यांचा समाज विरघळला नाही. हे या सिद्धांताचे मोठे सामर्थ्य होय.

परंतु त्याची किंमतही मोठी होती. ‘दुसरे राजे’ या ग्रंथाच्या १७व्या अध्यायात शोमरोनच्या पतनाचे लौकिक कारण नोंदलेले आहे : राजा होशे याने अश्शूरची खंडणी थांबवून मिसरशी संधान बांधले. मिसर व मेसोपोटेमिया यांच्यातील मार्गावर वसलेले लहानसे राज्य दोन महासत्तांच्या ओढाताणीत भरडले गेले. तरीही त्याच अध्यायात पुढे सारा दोष लोकांच्या मूर्तिपूजेवर टाकला आहे. आक्रमण करणारा देवाचे हत्यार झाला आणि मार खाणारा अपराधी ठरला.

सिद्धांताला गेलेले तडे

या उत्तरातील उणिवा स्वतः इस्रायलींच्याच ग्रंथांत दिसतात. यहूदाचा राजा मनश्शे हा मूर्तिपूजकांचा शिरोमणी मानला गेला. त्याने ५५ वर्षे राज्य केले. उलट योशीया राजाने इ. स. पू. ६२२ च्या सुमारास मूर्ती फोडल्या, ग्रामदेवतांची स्थाने भ्रष्ट केली, तो इ. स. पू. ६०९ मध्ये मगिद्दो येथे मिसरच्या राजाच्या हातून मेला. पुढील काळातील ‘इतिहास’ ग्रंथाच्या कर्त्याला हे जाचले असावे. त्याने मनश्शेकडून पश्चात्ताप करविला आणि योशीयाने देवाचा इशारा मानला नाही, असे लिहिले. सिद्धांत टिकविण्यासाठी इतिहासच दुरुस्त करावा लागला.

याहून मार्मिक प्रसंग ‘यिर्मया’ ग्रंथाच्या ४४व्या अध्यायात आहे. यरुशलेमच्या नाशानंतर मिसरमध्ये पळून गेलेल्या लोकांना यिर्मया बजावतो की, परदेवतांच्या पूजेमुळेच हे संकट आले. लोकांनी, आणि त्यांतही स्त्रियांनी, त्याला सडेतोड उत्तर दिले. आकाशाच्या राणीला आपण धूप जाळीत होतो तेव्हा पोटभर अन्न होते. ती पूजा सोडली तेव्हापासून तलवार व उपासमार नशिबी आली, असे त्यांचे म्हणणे होते. घटना एकच, अर्थ दोन, आणि दोन्ही परस्परविरोधी! कोणत्याही घटनेचा अर्थ आपल्या बाजूने लावता येतो, त्या सिद्धांताची कसोटी कशी घ्यावी, हा प्रश्न या अनाम स्त्रियांनी नकळत उभा केला. ग्रंथकारांनी त्यांचे म्हणणे पुसून टाकले नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे.

संदेष्ट्यांनीही ही कल्पना आहे तशी ठेवली नाही. इ. स. पू. आठव्या शतकातील आमोस हा मेंढपाळ होता. त्याने राष्ट्राच्या नाशाचे कारण म्हणून जोड्याच्या किमतीत विकले जाणारे दरिद्री, खोटी मापे व लाचखाऊ न्यायाधीश यांच्याकडे बोट दाखविले. बेथेलच्या पुरोहिताने त्याला तेथून निघून जाण्यास सांगितले, यात नवल नाही. बाबेलमधील निर्वासितांत वावरणाऱ्या यहेज्केलने, बापाच्या पापासाठी मुलाने मरावे ही जुनी समजूतच नाकारली. पुढे ‘ईयोब’ ग्रंथात एक निर्दोष मनुष्य दुःख भोगताना दिसतो आणि ‘तू पाप केले असशीलच’ असे म्हणणारे त्याचे मित्र अखेरीस चुकीचे ठरतात.

आमच्या मते, या विषयाचा खरा बोध येथेच आहे. दैवी शिक्षेच्या कल्पनेने पराभूत समाजाला आत्मपरीक्षण शिकविले व तग धरण्याचे बळ दिले. पण आक्रमकांचा अन्याय झाकून दोष पीडितांच्याच माथी मारला. ही उणीव परक्या टीकाकारांच्या आधी त्याच समाजातील एका मेंढपाळाने, निर्वासितांतील एका संदेष्ट्याने आणि मिसरमधील निराधार स्त्रियांनी, प्रत्येकाने आपापल्या परीने, उघड केली. धर्मग्रंथ वाचताना विजयी पक्षाच्या निवाड्याबरोबर हे दबलेले आवाजही ऐकले, तरच तो समाज आपणास समजला असे म्हणता येईल.