सख्खा मामा, पण कार्ड नाही

बालवाडी साडेबाराला सुटते, पण घंटा झाली तरी एकही मूल फाटकाबाहेर पडत नाही. मुलं वर्गातच दप्तर मांडीवर घेऊन बसतात आणि फाटकावरच्या मावशी एकेकाचं नाव पुकारतात. न्यायला आलेल्याने फोटोचं कार्ड दाखवायचं, मावशी वहीत खूण करणार, मग बाई मुलाला हाताला धरून आणणार. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली ही विनाअनुदानित, सेमी-इंग्रजी शाळा. बालवाडी ते सातवी मिळून दोनशेच्या आसपास मुलं. बहुतेक पालक मावशींच्या रोजच्या ओळखीचे, तरी कार्ड हवंच.

मी तिथे उभा असताना मोटरसायकलवरून एक तरुण आला. कार्ड नव्हतं.

"अहो मावशी, सख्खा मामा आहे मी त्याचा. गॅदरिंगला बघितलंय की तुम्ही मला."

"बघितलंय. पण कार्ड कुठाय?"

मुलाच्या आईला फोन लावला, तिने उचलला नाही. मामा तणतणत मुख्याध्यापिकांकडे गेला. बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. भाचा मात्र दिला नाही. बऱ्याच वेळाने आईचा उलट फोन आला, तेव्हा कुठे वहीत वेळ टाकून, मामाची सही घेऊन पोरगं त्याच्या ताब्यात गेलं. "चिडतात लोक, चिडू देत," मावशी म्हणाल्या. "उद्या नवरा-बायकोची भांडणं झाली आणि एकानं पोरगं परस्पर नेलं, तर मलाच विचारणार न्हवं?"

शाळेचं बरंचसं संरक्षण हे असं, वहीत आणि फोनवर चालतं. हजेरी झाली की गैरहजर मुलांची यादी कार्यालयात येते आणि लिपिक घरोघर फोन लावत बसतात. 'आज येणार नाही' असं आधी कळवलेलं असेल तर ठीक; नसेल, तर घरातून निघालेलं मूल कुठे गेलं हे शाळेला तासाभरात कळायला हवं, असा बाईंचा दंडक आहे. व्हॅनवाल्या काकांचे परवाने, पोलिसांकडून झालेली चारित्र्य पडताळणी, सगळं एका फायलीत. त्या फायलीत मी फार वेळ घालवला नाही.

डब्याच्या सुट्टीत मात्र थांबलो. शालेय पोषण आहार सरकारी, पालिका-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांना मिळतो. विनाअनुदानित शाळेत तो नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर आलेल्या गरीब घरच्या मुलांनाही नाही. म्हणून इथे वर्गशिक्षिका मुलांच्या पंगतीतच जेवायला बसतात. कुणाच्या डब्यात रोज कोरडी चपाती आहे, कोण 'भूक नाही' म्हणतं, हे त्यांना दिसतं. तिसरीच्या बाई एक डबा जादा आणतात. "आज मला जास्त झालंय रे, संपव बघू," एवढंच म्हणतात. याची कुठल्याही रजिस्टरात नोंद नाही, आणि ती नसावीच.

तक्रारपेटीची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटली. ती आधी मुख्याध्यापिकांच्या खोलीसमोर टांगलेली होती. आत कधी काही सापडायचं नाही, आणि शाळेत सारं आलबेल आहे असा त्याचा अर्थ लावला जायचा. मग एका बाईंनी ती मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात, चौथीतल्या मुलीचा हात पोचेल इतक्या उंचीवर लावून घेतली. चिठ्ठ्या यायला लागल्या. पेटी उघडली तेव्हा मी समोर होतो: 'पंखा आवाज करतो', चॉकलेटचे कागद, एका शिक्षकांबद्दल 'सर कान पिरगळतात', आणि वहीच्या चतकोर पानावर, 'व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसायला मला आवडत नाही'. शेवटची चिठ्ठी बाईंनी दोनदा वाचली. त्याच दिवसापासून व्हॅनच्या पुढच्या सीटवर मुलींना बसवणं बंद झालं आणि त्या मुलीशी वर्गशिक्षिका एकट्याने, सावकाश बोलल्या. पुढचं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगायलाही नको होतं.

लहान शाळेत मुलाचा उतरलेला चेहरा लगेच टिपला जातो. पण कान पिरगळणारे सर संस्थेच्या सचिवांचे मेहुणे असू शकतात. शाळा फीवर चालते, नाव खराब झालं की पुढच्या जूनमध्ये पट घसरतो. 'घरातलं प्रकरण घरातच मिटवू' हा मोह इथे मोठ्या शाळेपेक्षा जास्त असतो, हे माझं स्पष्ट मत आहे. म्हणूनच माणसांच्या चांगुलपणावर सगळं सोडून चालत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, त्यात कान पिरगळणंही आलंच. मुलांवरील लैंगिक अत्याचार रोखणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात नुसती शंका आली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळेतल्या लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या निषेधात २० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले, त्यानंतर लगेच निघालेल्या शासन निर्णयाने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती यांची सक्ती पुन्हा बजावली. या शाळेत कॅमेरे तेव्हाच लागले. कॅमेरा बोळाच्या तोंडाशी आहे, पेटीपाशी नाही. चिठ्ठी टाकणारं मूल पडद्यावर दिसू नये म्हणून.

येत्या जूनमध्ये मुलाचा प्रवेश घ्यायला जाल तेव्हा डिजिटल बोर्ड बघा, मैदान बघा. पण तक्रारपेटी कुठे आहे आणि ती कोण उघडतं, हेही विचारा. मुलाकडून १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पाठ करून घ्या. आणि फाटकावर मावशींनी कार्ड मागितलं, तर कृपा करून त्यांच्यावर चिडू नका.