बोटावरचा आकडा आणि रक्ताचे खरे काम

किल्लारी, औसा, उमरगा या परिसरातून हृदयाच्या बायपाससाठी किंवा झडप बदलण्यासाठी माणसे लातूरला, सोलापूरला, पुण्याला, नाहीतर हैदराबादला जातात. शस्त्रक्रिया पार पडते, रुग्ण घरी येतो, आणि घरातील कोणीतरी त्याच्या बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावून पाहतो. २०२०-२१ च्या कोविडच्या साथीपासून हे लहानसे यंत्र खेड्यापाड्यांत पोहोचले आहे. त्यावर ९८ आकडा दिसला की घर निर्धास्त होते. पण तोच रुग्ण अंगणातून नळापर्यंत गेला तरी धापा टाकतो. "आकडा तर चांगला आहे, मग दम का लागतो?" हा प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावयास मिळतो. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घ्यावयाचे तर रक्त प्राणवायू कसा उचलते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो कसा सोडते हे पाहिले पाहिजे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शरीर अन्न साठवून ठेवते, काही प्रमाणात पाणीही साठवते, पण प्राणवायूचा साठा ते जवळजवळ करीतच नाही. फुप्फुसांतील हवा आणि सगळे रक्त मिळून एक-दीड लिटर प्राणवायू असतो, आणि स्वस्थ पडलेल्या माणसालासुद्धा दर मिनिटास सुमारे २५० मिलिलिटर लागतो. हिशेब चार-पाच मिनिटांत संपतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ज्यांनी धक्का अनुभवला, दगडमातीच्या भिंती आणि माळवदे अंगावर घेतली, त्यांना हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. कितीतरी माणसे मार लागून नव्हे, तर मातीखाली श्वास कोंडून गेली.

आता रक्ताकडे वळू. प्राणवायू पाण्यात फारसा विरघळत नाही. रक्त केवळ पाणी असते तर १०० मिलिलिटरमध्ये जेमतेम ०.३ मिलिलिटर प्राणवायू मावला असता. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनमुळे तेवढ्याच रक्तात सुमारे २० मिलिलिटर मावतो. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक कणात लोहाच्या चार जागा असतात आणि प्रत्येक जागी प्राणवायूचा एक रेणू बसतो. एका तांबड्या पेशीत असे सुमारे २७ कोटी कण असतात. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलिटर प्राणवायू उचलते, हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण सगळी मेख त्यात आहे.

ज्याचे हिमोग्लोबिन १५ आहे आणि ज्याच्या ९८ टक्के जागा भरलेल्या आहेत, त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात १९.७ मिलिलिटर प्राणवायू असतो. शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन ८ वर आले असेल आणि जागा तेवढ्याच ९८ टक्के भरलेल्या असतील, तर प्राणवायू असतो १०.५ मिलिलिटर. म्हणजे जवळजवळ निम्मा! ऑक्सिमीटर मात्र दोघांच्याही बोटावर ९८ च दाखवितो. आहेत त्या जागांपैकी किती भरल्या एवढेच तो सांगतो; जागा मुळात किती आहेत हे त्याला कळत नाही. धडधाकट माणसाचे रक्त कमी झाले तर हृदय अधिक वेगाने रक्त फिरवून तूट भरून काढते. नुकतेच उघडून शिवलेले हृदय काही दिवस, काही आठवडे ते करू शकत नाही.

हा झाला भरण्याचा भाग. उतरविण्याचा भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. भूकंपानंतर मदतीचे ट्रक या रस्त्यांवर रांगा लावून उभे असलेले ज्यांनी पाहिले, त्यांना ठाऊक आहे की ट्रक भरून येणे वेगळे आणि माल गरजवंताच्या दारी उतरणे वेगळे. रक्ताचेही तसेच आहे. फुप्फुसात प्राणवायू घट्ट धरावयाचा आणि स्नायूंपाशी, मेंदूपाशी गेल्यावर तो सोडावयाचा, अशी दोन उलट कामे एकाच हिमोग्लोबिनला करावी लागतात. जेथे पेशी काम करीत असतात तेथे कार्बन डायऑक्साइड वाढतो, रक्त किंचित आम्ल होते, ऊबही वाढते. या तिन्ही गोष्टी हिमोग्लोबिनची पकड सैल करतात, आणि जेथे गरज जास्त तेथे माल जास्त उतरतो. यांतील कार्बन डायऑक्साइडचा परिणाम १९०४ साली कोपनहेगन येथे ख्रिश्चन बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला.

स्वस्थ बसलेल्या माणसात रक्त चारांपैकी साधारण एकच जागा रिकामी करून परत येते. म्हणजे तीन हिस्से राखीव असतात, आणि कष्ट पडले की स्नायू त्यांतून उचल घेतात. हृदयाच्या स्नायूला मात्र ही सोय नाही. विश्रांतीतही तो आपल्या वाट्याच्या रक्तातून सत्तर टक्क्यांच्या आसपास प्राणवायू काढून घेतो. त्याला अधिक हवा असेल तर अधिक रक्तच मिळाले पाहिजे. म्हणूनच धमनी अरुंद झाली की पाय दुखण्याआधी छाती दुखते, आणि म्हणूनच बायपास करावा लागतो.

ओपन हार्ट शस्त्रक्रियेत हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवितात. असे यंत्र वापरून माणसावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया ६ मे १९५३ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी केली. आपल्याकडे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयाच्या प्रत्यारोपणापर्यंत मजल मारली. तो रुग्ण काही तासच जगला, पण त्या काळी जगात मोजक्याच ठिकाणी असा प्रयत्न झाला होता. यंत्राच्या नळ्या आधी द्रवाने भरून घ्याव्या लागतात, त्यामुळे रक्त पातळ होते. पुष्कळदा शरीर थंड करतात, म्हणजे प्राणवायूची गरज घटते; पण थंडीने हिमोग्लोबिनची पकडही घट्ट होते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला हुडहुडी भरली तर प्राणवायूची मागणी दुपटीच्या घरात जाऊ शकते, आणि पुरवठा तर कमीच असतो. आय.सी.यू.त रुग्णावर गरम हवेचे पांघरूण घातलेले दिसते ते लाड म्हणून नव्हे. तेथील डॉक्टर मानेतील नळीतून हृदयाकडे परतणारे रक्त तपासतात. त्यात ६५ ते ७५ टक्के जागा भरलेल्या असतील तर ठीक. त्याहून बऱ्याच कमी असतील तर शरीर राखीव साठ्यावर हात टाकीत आहे असे समजावे.

येथे बाटलीच्या रक्ताचा प्रश्न येतो. (बाटली जाऊन पिशवी येऊन बरीच वर्षे झाली, पण आपल्याकडे शब्द बाटलीचाच राहिला आहे.) तांबड्या पेशींत डी.पी.जी. नावाचे एक द्रव्य असते. ते हिमोग्लोबिनची पकड सैल ठेवते. हे १९६७ साली स्पष्ट झाले. रक्तपेढीच्या शीतकपाटात रक्त ३५ किंवा ४२ दिवस ठेवता येते, पण साधारण दोन आठवड्यांत हे द्रव्य जवळपास नाहीसे होते. असे रक्त प्राणवायू उचलते छान, सोडते कमी. रुग्णाच्या अंगात गेल्यावर मात्र त्या पेशी हे द्रव्य पुन्हा तयार करतात. पुष्कळसे एका दिवसात, उरलेले दोन-तीन दिवसांत.

हे ऐकून नातेवाईक ताज्या रक्ताचा हट्ट धरतात आणि गावाहून जीप भरून रक्तदाते नेतात. दहा दिवसांच्या आतले रक्त आणि एकवीस दिवसांहून जुने रक्त यांची तुलना हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या सुमारे ११०० रुग्णांत करण्यात आली. तिचा निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाला, आणि अवयवांच्या बिघाडात दोहोंत फरक आढळला नाही. तसेच "आणखी एक बाटली चढवा" या आग्रहाचे. २०१७ साली अनेक देशांतील सुमारे पाच हजार रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले, की हिमोग्लोबिन ७.५ च्या खाली गेल्यावरच रक्त दिले तरी रुग्णांचे नुकसान होत नाही. रक्त म्हणजे टॉनिक नव्हे. ते कधी द्यावयाचे हे डॉक्टरांवर सोडावे. गावाहून नेलेल्या दात्यांनी रक्तपेढीत रक्त द्यावे. ते कोणाच्या तरी कामी येतेच. रक्तगट जुळवावा लागतो तो पेशीच्या बाहेरच्या खुणांसाठी. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी जगापुढे आणलेला दुर्मिळ 'बॉम्बे' रक्तगट असो की सर्वत्र आढळणारा ओ गट, आतील हिमोग्लोबिनचे काम सारखेच असते.

अपवाद सिकल सेलचा. विदर्भात, किनवट-माहूरकडील आदिवासी भागात आणि आपल्या समाजातीलही काही कुटुंबांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. अशा हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. थंडी आणि प्राणवायूची कमतरता यांनी हे वाढते, आणि शस्त्रक्रियेत या दोन्ही गोष्टी येऊ शकतात. विदर्भाशी सोयरीक असलेल्या, किंवा घरात कोणाला हा आजार असलेल्या रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वी ते आवर्जून सांगावे. साध्या रक्ततपासणीने कळते, आणि कळले की डॉक्टरांना तशी तयारी ठेवता येते. सांगण्यात लाज कसली?

पुन्हा त्या चिमट्याकडे येऊ. बोट गार असेल, नखावर रंग असेल तर त्याचा आकडा चुकतो. सावळ्या कातडीवर तो कधीकधी खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवितो. त्याहून मोठा धोका चुलीच्या आणि विडीच्या धुराचा आहे. त्यातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, जागा अडवितो, आणि उरलेल्या जागांची पकडही आवळून टाकतो. साध्या ऑक्सिमीटरला ती अडविलेली जागा भरलेलीच वाटते! शस्त्रक्रिया झालेल्या माणसाची खाट चुलीच्या खोलीत टाकू नये. थंडीच्या दिवसांत बंद खोलीत शेगडी तर मुळीच ठेवू नये.

घरी आलेल्या रुग्णाचे हिमोग्लोबिन पूर्ववत होण्यास आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. म्हणून पहिल्या तपासणीला जाताना बोटाचा आकडा न सांगता "हिमोग्लोबिन किती आहे?" असे विचारावे. लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चहाबरोबर घेऊ नयेत. लिंबाच्या सरबताबरोबर अधिक लागू पडतात. आहारात मटण, काळीज, डाळी, पालेभाज्या असाव्यात. काळीज मात्र डॉक्टरांना विचारून. धातूची झडप बसवून रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांनी पालेभाजी एकाएकी वाढवू नये वा तोडू नये; रोज साधारण सारखी खावी, नाहीतर गोळीचा परिणाम बदलतो. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट होते, त्यात भिण्यासारखे काही नाही. पण ते डांबरासारखे चिकट आणि दुर्गंधीचे झाले, किंवा बसल्या जागी दम लागू लागला, ओठ पांढरे पडले, छातीत धडधड वाढली, तर बोटावर ९८ दिसत असले तरी त्याच दिवशी रुग्णाला दवाखान्यात न्यावे.