आपण राहता कोठे?

ओझर म्हटले की निम्मे लोक हात जोडतात. त्यांना अष्टविनायकांतला विघ्नेश्वर आठवतो. ते ओझर जुन्नर तालुक्यातले. आमचे ओझर निफाड तालुक्यातले, नाशिकच्या पुढे आग्रा रस्त्यावर. १९६४ साली येथे मिग विमानांचा कारखाना निघाला आणि गावाच्या नावाला 'मिग' हे शेपूट चिकटले ते कायमचेच. माझे वडील त्या कारखान्यात फिटर होते. गावाला बाणगंगा नावाची नदी आहे, पण उन्हाळ्यात तिला नदी म्हणायला जीभ धजत नाही. बाकी काळी जमीन, द्राक्षांचे मांडव आणि डोक्यावरून विमानांचा गडगडाट. अशा गावात निसर्गलेखक निपजेल कसा, अशी माझी तरुणपणी तक्रार होती. शेजारच्या पिंपळगाव बसवंतला कुसुमाग्रजांचे बालपण गेले, हे मी सोयिस्करपणे विसरत असे.

तरीही एम. ए. च्या वर्षी मी निसर्गावर दहा ललित निबंध लिहिले. त्यांत सुरूची बने होती, माडांच्या राया होत्या, समुद्राची गाज तर पानोपानी होती. समुद्र मी तोवर दोनदा पाहिला होता. त्यातला एकदा शाळेच्या सहलीत, उलट्या करीत. निबंध एका संपादकांकडे धाडले. साभार परत आले, सोबत एक कार्ड : "भाषा चांगली आहे. आपण राहता कोठे?"

वाचकांनी हसू नये. मी भाबडेपणाने उलट टपाली संपूर्ण पत्ता पिनकोडासह कळवला!

त्या प्रश्नाचा खरा अर्थ ध्यानी यायला मास्तरकीची कित्येक वर्षे गेली. शिकवताना तीच ती पुस्तके पुन्हा पुन्हा वाचावी लागतात, हा या धंद्याचा एक फायदा. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. बारा महिन्यांचे बारा रंग दाखवणाऱ्या या बाई राहणाऱ्या मुंबईच्या. ज्या शहरात आपल्याला लोकलच्या वेळापत्रकापलीकडे ऋतू दिसत नाहीत, तेथे राहून त्यांनी झाडाची पालवी कधी कोणत्या रंगाची होते याचा हिशेब ठेवला. व्यंकटेश माडगूळकर लहान वयात माणदेशातल्या एका वाडीवर शाळामास्तर होते. तेथे ना झरे, ना हिरवी गर्दी. धूळ, मेंढरे आणि दुष्काळ. त्यातून १९५५ साली 'बनगरवाडी' उभी राहिली. आणि मारुती चितमपल्ली! जन्म १९३२ चा, सोलापुरातला, घरची भाषा तेलुगू. वनखात्याच्या नोकरीने त्यांना नवेगावबांधच्या तळ्याकाठी नेऊन सोडले आणि आदिवासी वाटाड्यांच्या तोंडून एकेक झाड, एकेक पाखरू त्यांना नावानिशी भेटू लागले. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला मराठीत 'सारंगागार' म्हणता येते, हे मला त्यांच्यामुळे कळले. जून २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा आपला शब्दकोश थोडा मुका झाला असे मला वाटले.

सृष्टीने लेखकाला स्फूर्ती दिली, असे आपण पाठ्यपुस्तकी थाटात म्हणतो. देखावा सुंदर असला म्हणजे लेखणी आपोआप झरते, अशी समजूत त्यामागे आहे. मला तर उलटेच दिसते. या तिघांनी आधी जागेशी ओळख केली, मग जागा बोलू लागली.

माझी स्वतःची फजिती सांगतो. चक्रवाक हा शब्द मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवला. रात्री जोडीदारापासून ताटातूट होणारा, नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांना हाका मारणारा संस्कृत काव्यातला पक्षी. डोळे मिटून बोलावे इतका पाठ! आमच्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला नांदूरमध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजी अमदानीत शेतीच्या पाण्यासाठी बंधारा घातला, त्यात गाळ साचत गेला, गाळावर पाणवनस्पती माजल्या आणि पाखरांचे राज्य वसले. १९८६ साली ते अभयारण्य झाले, २०२० साली राज्यातली पहिली रामसर पाणथळ म्हणून जाहीर झाले. मी तेथे गेलो तेव्हा चाळिशी उलटली होती. मनोऱ्यावर दुर्बीण घेऊन उभा असलेला गावचा पोरगा म्हणाला, "सर, ते तांबूस बदक बघा, जोडीनं बसलंय. चक्रवाक." मी पाहतच राहिलो. शेजारी काळ्या अंगाची, कपाळावर पांढरा टिळा लावलेली पाखरे पोहत होती. "ते वारकरी," तो म्हणाला. त्याने बहुधा कालिदास वाचला नसावा. पण त्या क्षणी आम्हां दोघांत प्राध्यापक कोण होता?

हे सारे कळूनही जे घडायचे ते घडलेच. बी. ए. च्या मुलांना मी 'पाऊस' या विषयावर निबंध दिला होता. चाळीस वह्यांत चाळीस मोर नाचले. एका मुलाने मात्र लिहिले होते की ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर ढग आले की आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. वडील रात्री बॅटरी घेऊन बागेत जातात, पाने उलटून डावणी आली का ते पाहतात. आई भाजीला मीठ घालायचे विसरते. दीड पान. मी लाल शाईने शेरा मारला : 'विषयाला सोडून. निसर्गसौंदर्याचे वर्णन अपेक्षित.' दहापैकी चार गुण.

२६ नोव्हेंबर २०२३ रोजी, रविवारी, निफाड तालुक्यात गारपीट झाली. तो मुलगा आठवडाभर वर्गात आला नाही. हजेरीपटावरच्या त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या फुल्या मारताना मला ती वही आठवली. पुढच्या रविवारी पत्ता विचारीत त्याच्या मळ्यावर गेलो.

मांडवाखाली पाने चाळणी होऊन पडली होती. काड्या सोलून निघाल्या होत्या. जमिनीवर पडलेले कोवळे मणी पायाखाली येत होते आणि प्रत्येक पावलाला मी दचकत होतो. घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. आईने चहा आणला. त्यात साखर नव्हती. मी काही बोललो नाही.

मुलगा मला बांधापर्यंत सोडायला आला. लांब बाणगंगेच्या अंगाला टिटवी ओरडत होती.

"तुझा तो पावसावरचा निबंध," मी म्हणालो, "मी चुकीचा तपासला. वही आहे का? मला पुन्हा वाचायचा आहे."

"ती वही रद्दीत गेली, सर."

"मग पुन्हा लिही. मी कोठेतरी छापायला पाठवीन."

त्याने मांडवाकडे पाहिले.

"आत्ता नको, सर."

मी मान हलवली. आत त्याचे वडील एकेक तुटलेला घड हातात घेऊन उलटसुलट पाहत होते आणि पुन्हा जमिनीवर ठेवीत होते. टाकीत नव्हते, ठेवीत होते.